एकाच रांगेत चार भाव

राष्ट्रीय महामार्गावरच्या एखाद्या टोलनाक्यावर चार सारख्याच मोटारी एकामागे एक उभ्या आहेत, असं धरा. हिशेब सोपा व्हावा म्हणून एकेरी टोल शंभर रुपये मानू. पहिल्या गाडीच्या फास्टॅगमधून शंभर कापले जातात. दुसऱ्या गाडीकडे वार्षिक पास आहे, तिला हीच फेरी पंधरा रुपयांना पडते. तिसऱ्या गाडीचा टॅग बंद पडलाय, मालक यूपीआयने सव्वाशे भरतो. चौथा खिशातून नोटा काढतो आणि दोनशे मोजतो. रस्ता तोच, खड्डेही तेच. टोल किती आहे हे सरकार ठरवतं. त्यातला आपल्या वाट्याला कुठला भाव येणार, हे बरंचसं घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं.

हा भाव ठरवण्याचं सूत्र एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण 1988 च्या कायद्याने स्थापन झालं आणि 1995 पासून प्रत्यक्ष कामाला लागलं. टोल मात्र प्राधिकरण मनाला येईल तसा लावत नाही. तो 2008 च्या शुल्क नियमांप्रमाणे काढला जातो. या नियमांत 2007-08 हे पायाभूत वर्ष धरलं आहे आणि चौपदरी रस्त्यासाठी मोटार, जीप, व्हॅन यांना किलोमीटरला 65 पैसे हा मूळ दर आहे. बस आणि दोन आसांच्या ट्रकला 2 रुपये 20 पैसे. दर वर्षी 1 एप्रिलला त्यात ठरावीक तीन टक्के आणि शिवाय घाऊक महागाईच्या वाढीचा 40 टक्के भाग मिळवला जातो. आलेली रक्कम जवळच्या पाच रुपयांपर्यंत सरळ केली जाते; टोल 75, 80, 85 अशाच आकड्यांत का असतो, त्याचं कारण हे.

आजचा किलोमीटरचा दर अंदाजाने काढायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. नाक्याजवळ राहणाऱ्यांचा स्थानिक मासिक पास 2007-08 मध्ये 150 रुपयांना होता, 2025-26 मध्ये तो 350 झाला. म्हणजे सव्वादोन पटींहून थोडं जास्त. तीच पट 65 पैशांना लावली की किलोमीटरला साधारण दीड रुपया येतो. एकाच रस्त्यावर एकाच दिशेने दोन नाक्यांत सर्वसाधारणपणे 60 किलोमीटर अंतर असावं, असा नियम आहे. (अपवाद इतके आहेत की वाहनचालकांना हा नियम खरा वाटत नाही, ते सोडा.) साठ किलोमीटरचे नव्वद रुपये, त्यात पूल आणि उड्डाणपूल मिळवले की शंभरी जवळ येते.

पुलांची गोष्ट वेगळी मोजतात. पूल, बोगदा किंवा उन्नत मार्ग बांधायला साध्या रस्त्यापेक्षा खर्च फार, म्हणून त्याची लांबी दहापट धरली जायची. जुलै 2025 मध्ये यात बदल झाला. आता एक तर बांधकामाची लांबी दहापट धरून त्यात उरलेला रस्ता मिळवायचा, नाहीतर संपूर्ण टप्प्याची लांबी पाचपट धरायची. दोन्हींत जो आकडा कमी तो घ्यायचा. अख्खा 40 किलोमीटरचा टप्पा उन्नत असेल, तर पूर्वी 400 किलोमीटरचा टोल लागला असता, नव्या सूत्राने 200 चा लागतो. शहरांभोवतीच्या उन्नत रिंगरोडना याचा खरा फायदा. साध्या रस्त्यावर यामुळे काही फरक पडलेला दिसणार नाही.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

वार्षिक पास काढूनही पैसे कापले गेले, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत चूक नाक्याची नसते. रस्ता प्राधिकरणाचा नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए). या तिन्ही ठिकाणी केंद्राचा वार्षिक पास चालत नाही. टॅग तोच वापरला जातो, पण पैसे नेहमीच्या शिलकीतून जातात.

ही रक्कम लहान नाही. द्रुतगती मार्गावर मोटारीला 1 एप्रिल 2023 पासून 320 रुपये झाले. अटल सेतू सुरू झाला तेव्हा, जानेवारी 2024 मध्ये, एकेरी 250 आणि परतीसह 375 असा दर लागला. समृद्धीवर एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे. 701 किलोमीटरचा पूर्ण प्रवास केला तर जवळपास 1,445 रुपये एका बाजूचे. म्हणजे राष्ट्रीय महामार्गाच्या दीड रुपयापेक्षा हा रस्ता किलोमीटरमागे बराच महाग आहे. त्याच्या बदल्यात वेळ वाचतो, आणि तो हिशेब ज्याने त्याने करावा.

उलट बाजूलाही एक फायद्याची नोंद आहे. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन, हलक्या वाहनांना 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून टोल नाही. बाहेरगावच्या नातेवाइकांना हे अजून सांगावं लागतं.

आणि प्रत्येक राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो, असंही नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा प्राधिकरणाकडे, त्याच्या पुढचा मोठा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. कोकणात जाणाऱ्या माणसाची तक्रार वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली, त्याला एक कारण हेही.

वार्षिक पास कोणाला परवडतो

15 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेला हा पास खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यासाठीच आहे. 2025-26 साठी किंमत 3,000 रुपये. पुढे दर आर्थिक वर्षाला ती बदलू शकते, म्हणून काढताना महामार्ग प्राधिकरणाच्या राजमार्गयात्रा ॲपवरचा किंवा संकेतस्थळावरचा आकडाच खरा धरायचा. मुदत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. नवा टॅग घ्यावा लागत नाही, आहे त्याच टॅगवर पास चढतो. मुदत किंवा फेऱ्या संपल्या की टॅग पूर्वीसारखा पैसे कापायला लागतो.

फेरी म्हणजे काय, हे नीट वाचून घ्या. साध्या नाक्यावर एकदा दांडा वर गेला की एक फेरी. पुण्याहून सोलापूरला जाताना पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार नाके लागतात, तर जाण्याच्या चार आणि येण्याच्या चार, अशा आठ फेऱ्या वजा होतात. जिथे चढताना आणि उतरताना नोंद होऊन अंतराप्रमाणे टोल लागतो, तशा बंदिस्त मार्गावर मात्र चढल्यापासून उतरेपर्यंत मिळून एकच फेरी धरली जाते.

फेरीचा सरासरी टोल शंभर धरला तर तीस फेऱ्यांत पास वसूल. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरही खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चारच नाके आहेत. गावी वर्षातून गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि एखादं लग्न एवढंच जाणं-येणं असेल, तरी चार वेळांच्या बत्तीस फेऱ्या झाल्या आणि पास फिटला. पण तुम्ही ठाण्याहून निघत असाल, तर द्रुतगती मार्गाचे दोन्ही बाजूंचे 640 रुपये प्रत्येक वेळी वेगळे लागणारच, ते बाजूला काढून ठेवा. पास घेतला म्हणून टॅगमधली शिल्लक शून्यावर आणू नका, एवढाच याचा अर्थ.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण नाक्यावरच्या दरफलकात ती लपून राहते. त्याच फलकावर मासिक पासाचा रकाना असतो. नियमाप्रमाणे तो पन्नास एकेरी फेऱ्यांच्या दोन तृतीयांश किमतीला मिळतो. शंभर रुपयांच्या नाक्यावर हा पास सुमारे 3,300 रुपयांना पडेल, आणि तो त्याच एका नाक्यावर, एका महिन्यात, पन्नास फेऱ्यांपुरता. म्हणजे देशभर चालणाऱ्या 200 फेऱ्यांच्या वार्षिक पासापेक्षा एका नाक्याचा एका महिन्याचा पास महाग! खासगी मोटारवाल्यासाठी हा रकाना आता जवळजवळ निरर्थक झाला आहे. पिवळ्या पाटीची टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना वार्षिक पास मिळत नाही, त्यांच्यासाठी मासिक पास अजून उपयोगाचा. व्यावसायिक गाडीवर कोणी वार्षिक पास चढवलाच, तर वाहन नोंदणीच्या माहितीवरून तो बंद केला जातो. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि गाडी विकली तरी पास नव्या गाडीवर नेता येत नाही.

नाक्याजवळ राहणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी वाहनमालकाला स्थानिक मासिक पास मिळतो, 2025-26 च्या दराने 350 रुपयांचा. आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्यावरच जायचं. वार्षिक पासात फेरी पंधरा रुपयांना पडते, तर 350 रुपयांत अशा तेवीस फेऱ्या बसतात. महिन्याला त्यापेक्षा कमी वेळा नाका ओलांडत असाल तर वार्षिक पास घ्या. रोज कामाला पलीकडे जात असाल, तर वार्षिक पासाच्या 200 फेऱ्या शंभर दिवसांत संपतील. तुमच्यासाठी स्थानिक पासच बरा. सेवा रस्ता किंवा दुसरा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पास नाकारता येतो, आणि नाक्यावरचे लोक तेच कारण पुढे करतात. अशा वेळी तोंडी वाद घालत बसू नका. कारण लिहून मागा. त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक वाहनांनाही निम्म्या दराची सवलत आहे. छोट्या टेम्पोवाल्यांपैकी किती जणांना ती ठाऊक असते, देव जाणे.

चोवीस तासांत परत येणार असाल तर परतीचा दर दीडपट, म्हणजे शंभराऐवजी येतानाचे पन्नासच. फास्टॅगवर ही वजावट आपोआप व्हायला हवी. होते की नाही, ते बँकेच्या संदेशात पाहा.

दांडा वर जाण्याआधी

फास्टॅग 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा आहे. मोटारीचा नवा टॅग घेताना साधारणपणे टॅगचे शंभर रुपये आणि दोनशे रुपये अनामत लागते, वर बँक सांगेल तेवढा पहिला रिचार्ज. अनामत परत मिळण्याजोगी असते. टॅग बंद करताना ती मागायला विसरू नका. एका गाडीला एकच टॅग. जुन्या बँकेचा टॅग बंद न करता दुसरा घेतला की दोन्हींचा गोंधळ होतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा टॅग काचेवर तसाच राहिलाय का, तेही पाहून घ्या.

टॅग पुढच्या काचेला आतून चिकटवलेला हवा. डॅशबोर्डवर ठेवलेला, पाकिटात बाळगलेला किंवा नाक्यावर हातात धरून दाखवला जाणारा टॅग जुलै 2025 पासून काळ्या यादीत टाकला जातो. त्यामागे कारण आहे. एकच टॅग दोन गाड्यांना फिरवण्याची हुशारी बरेच जण करायचे.

टॅग नसेल, बंद असेल किंवा त्यात पैसे नसतील, तर 15 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नियमानुसार रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. रोख व्यवहार कमी करत नेण्याकडे सरकारचा कल स्पष्ट दिसतो, तेव्हा नोटांच्या भरवशावर निघू नका. रिचार्ज आदल्या रात्रीच करून ठेवा. रांगेत उभं राहून केलेला रिचार्ज कधी लगेच दिसतो, कधी दिसत नाही, आणि मागचा ट्रकवाला तोवर भोंगा वाजवायचा थांबत नाही.

आता ग्राहकाच्या बाजूचा नियम. तुमचा टॅग चालू आहे, शिलकीत पैसे आहेत, पण नाक्यावरचं यंत्रच बिघडलंय, तर तुम्हाला टोल न घेता सोडायला हवं आणि शून्य रकमेची पावती द्यायला हवी. 2018 मध्ये नियमांत ही दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात काय होतं? मुलगा हातातलं यंत्र घेऊन येतो, ते काचेला लावतो, डोकं हलवतो आणि म्हणतो, ‘साहेब, टॅग चालत नाही, कॅश द्या.’ बँकेचं ॲप उघडून टॅगची स्थिती आणि शिल्लक त्याला दाखवायची, त्याच पडद्याचा फोटो काढायचा आणि शून्य पावती मागायची. बहुतेक वेळा दुसरं यंत्र येतं आणि टॅग वाचला जातो.

बँकेचा संदेश तेवढ्यात वाचून घ्यायची सवय लावा. त्यात नाक्याचं नाव, वेळ, रक्कम आणि गाडीचा क्रमांक असतो. गाडी घरासमोर उभी असताना तीनशे किलोमीटरवरच्या नाक्याचा संदेश आला, तर बहुधा कोणीतरी क्रमांक हाताने टाकताना चुकलंय. अशी रक्कम परत मिळते. महामार्गाच्या 1033 या हेल्पलाइनवर नोंद करायची आणि टॅग देणाऱ्या बँकेकडे लेखी दावा करायचा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला फी नाही.

व्हॉट्सॲपवरचे ‘नियम’

बारा तासांत परतलात तर टोल माफ, हा संदेश दर सुट्टीत फिरतो. असा नियम नाही; आहे ती वर सांगितलेली चोवीस तासांची दीडपट सवलत. रांग शंभर मीटरच्या पुढे गेली तर फुकट सोडायचं, ही सूचना 2021 मध्ये खरंच निघाली होती, पण पुढे प्राधिकरणाने ती मागे घेतली. त्यासाठी शंभर मीटरवर आखलेल्या पिवळ्या रेषेवरून नाक्यावरच्या पोरांशी भांडण्यात आता अर्थ नाही. रोज वीस किलोमीटर मोफत, हे सप्टेंबर 2024 च्या उपग्रहाधारित टोलच्या नियमातलं आहे आणि तसं यंत्र बसवलेल्या गाड्यांपुरतं. फास्टॅगवाल्याला ते लागू नाही. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गाच्या सर्वसाधारण नाक्यांवर टोल पडत नाही. 2025 च्या जूनमध्ये तो लागणार अशी आवई उठली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनीच ती खोडून काढली.

रस्ता खराब असेल तर

पैसे भरून खड्डे का खायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि न्यायालयांनीही तो रास्त मानलाय. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये पठाणकोट-उधमपूर रस्त्याचं काम चालू असल्याने लखनपूर आणि बन या नाक्यांवर टोल वीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्कारा नाक्याची वसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये थांबवली, प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही त्याला दिलासा मिळाला नाही. वसुली पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये. पण दोन्ही ठिकाणी लोक कोर्टात गेले होते. नाक्यावर एकट्याने ‘रस्ता वाईट आहे, देत नाही’ म्हटलं तर दांडा खालीच राहतो.

एकट्याने करण्याजोगं काम वेगळं आहे. खड्ड्याचा फोटो काढा, जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा टिपा आणि राजमार्गयात्रा ॲपवर किंवा 1033 वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. त्या खड्ड्याने पुढे टायर फाटला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 किंवा ग्राहक आयोगाकडे जाताना हाच क्रमांक कामाला येतो. नाक्यावरची कंपनी बहुधा ठेकेदार असते, ‘आमच्याकडे फक्त वसुली आहे’ असं ती सांगेल आणि ते खोटंही नसेल. म्हणून दरफलकाचा एक फोटो काढून ठेवा. रस्त्याचा कुठला टप्पा, त्याची लांबी किती, दर काय आणि जबाबदार अधिकारी कोण, हे त्यावर लिहिलेलं असतं. तक्रार करायची ती त्या अधिकाऱ्याच्या नावाने.

टोलमध्ये आणखी काय धरलंय, याची बहुतेकांना कल्पना नसते. टोल रस्त्यांवर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ही रस्ता चालवणाऱ्याची जबाबदारी असते. रात्री गाडी मध्येच बंद पडली तर ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या आधी 1033 लावा. क्रेन गाडी रस्त्याच्या मधून हलवून सुरक्षित जागी आणेल. घरापर्यंत किंवा शोरूमपर्यंत नेणं हा तिच्या कामाचा भाग नाही, त्याचे पैसे वेगळे. क्रेनवाल्याने मधल्यामध्ये पैसे मागितले तर कशाचे, ते आधी विचारा आणि पावती घ्या.

आणि वर्षाचा हिशेब मांडताना 1 एप्रिल लक्षात ठेवा. त्या दिवशी जवळपास सगळ्या नाक्यांचे दर बदलतात, स्थानिक पासाचाही. पहिल्यांदाच वार्षिक पास घ्यायचा विचार असेल आणि मार्चचा शेवटचा आठवडा चालू असेल, तर थांबू नका. 1 एप्रिलला त्याची किंमतही बदलू शकते, आणि मुदत पास चालू झालेल्या दिवसापासून धरली जाते.